अ‍ॅनिमेशन-ग्राफिक्सचा एक वर्षाचा कोर्स: फॉर्मपासून रीलपर्यंत कुठलं काम कधी करायचं

दहावी-बारावीचा निकाल लागला की तेच प्रश्न सुरू होतात. लॅपटॉप कुठला घेऊ, माया शिकू की ब्लेंडर (दोन्ही थ्रीडीची सॉफ्टवेअर), सर्टिफिकेटला व्हॅल्यू आहे का. प्रश्न चुकीचे नाहीत, पण हे नंतर विचारायचे प्रश्न आहेत. एका वर्षाच्या कोर्समध्ये क्रम चुकला की वर्ष संपताना पोराला सगळी बटणं माहीत असतात आणि दाखवायला काम मात्र काहीच नसतं.

खाली जे आहे ते महाराष्ट्रातले आयटीआय, राज्य मंडळाचे छोटे व्यवसाय कोर्स आणि खाजगी इन्स्टिट्यूट यांना धरून लिहिलंय. चार वर्षांची बीएफए, म्हणजे फाइन आर्टची पदवी, करायची असेल तर बारावीनंतर एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तो रस्ता वेगळा, त्याचं इथे काही नाही.

## १. आधी काम ठरवा, कोर्स नंतर

"अ‍ॅनिमेशन आणि ग्राफिक डिझाइन" असं बोर्डावर एकत्र लिहितात म्हणून ते एकच काम आहे असं वाटतं. तसं नाहीये. ग्राफिक्सवाला दिवसभर अक्षरं, जागा, रंग आणि छपाई यांच्याशी झगडतो, आणि त्याला गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं. टूडी अ‍ॅनिमेटर चित्रं काढतो, खूप काढतो. थ्रीडीत परत मॉडेलिंग (आकार घडवणं), टेक्श्चर (पृष्ठभागाचा रंग-पोत), रिगिंग (हलवण्यासाठी आत सांगाडा बसवणं), अ‍ॅनिमेशन, लायटिंग असे तुकडे आहेत आणि मोठ्या स्टुडिओत एक माणूस सहसा एकच तुकडा करतो. व्हीएफएक्समध्ये, म्हणजे शूट केलेल्या शॉटवरच्या स्पेशल इफेक्ट्सच्या कामात, सुरुवात बहुतेक रोटो किंवा पेंटपासून होते, म्हणजे शूट केलेल्या फ्रेममधल्या माणसाची कड फ्रेमगणिक कापत बसायचं, नाहीतर वायर पुसायच्या. ज्याला तासन्‌तास एकाच गोष्टीत डोकं घालून बसवत नाही त्याने हे आधीच ओळखावं.

ठरवायचं कसं? फी भरायच्या आधी दोन आठवडे फुकटातली सॉफ्टवेअर वापरून बघा. ब्लेंडर, क्रिटा, इंकस्केप, गिंप हे सगळं फुकट आहे आणि चोरीचं नाही. एक आठवडा मंडळाच्या कार्यक्रमाचं पोस्टर करा, दुसऱ्या आठवड्यात एक चेंडू उडवून बघा. चांगलं झालं का ते सोडा. कुठलं काम करताना जेवायला हाक मारलेली ऐकू आली नाही एवढंच बघायचं.

तपासा: "मला अमुक काम करायचंय" हे एका वाक्यात घरच्यांना सांगता येतंय का? येत नसेल तर फॉर्म भरायची घाई नको.

## २. संस्था बघायला जा, फोनवर ठरवू नका

तीन प्रकार समोर येतात. आयटीआयमध्ये "मल्टिमीडिया अ‍ॅनिमेशन अँड स्पेशल इफेक्ट्स" हा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास चालतं, सरकारी आयटीआयमध्ये फी फारच कमी. छपाई आणि डीटीपीकडे जायचं असेल तर "डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर" हा वेगळा ट्रेड आहे, तोही एक वर्षाचा. हे ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतात, त्यामुळे आपल्या तालुक्यात आहे असं गृहीत धरू नका. दुसरा प्रकार म्हणजे महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाच्या मान्यतेचे छोटे कोर्स. आणि तिसरा खाजगी, त्यात मोठ्या ब्रँडच्या फ्रँचायझी पण आल्या आणि गल्लीतले क्लास पण.

फ्रँचायझीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या, ब्रँड एकच असला तरी शिकवणारा माणूस प्रत्येक सेंटरला वेगळा असतो. म्हणून ब्रँडची नाही, त्या सेंटरची चौकशी करायची. गेल्यावर रिसेप्शनवरच्या चकचकीत पोस्टरांकडे बघू नका, ती हेड ऑफिसने पाठवलेली असतात. याच सेंटरच्या गेल्या बॅचच्या पोरांचं काम दाखवा म्हणा. मग लॅब बघा, तीही बॅच चालू असताना. मशीन किती, पोरं किती, एका मशीनवर दोघं बसलेत का. आणि शिकवणाऱ्या सरांशी किंवा मॅडमशी पाच मिनिटं बोला, कौन्सेलरशी नाही. कौन्सेलरला अ‍ॅडमिशन करायची असते, तो गोडच बोलणार.

हे प्रश्न कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर आठवत नाहीत:
- सर्टिफिकेट कुणाच्या नावाने मिळणार, संस्थेच्या की बाहेरच्या मंडळाच्या?
- फीमध्ये काय काय धरलंय? परीक्षा फी, टॅक्स, किट वेगळं आहे का?
- मध्ये सोडलं तर पैसे परत मिळतात का, आणि हे लेखी देणार का?
- सर निघून गेले तर बॅचचं काय?
- "१००% प्लेसमेंट" म्हणजे नोकरी की नुसते इंटरव्ह्यू?

इशारा: "इझी ईएमआय, व्याज शून्य" म्हणून जो फॉर्म पुढे करतात तो बऱ्याचदा कुठल्यातरी फायनान्स कंपनीच्या कर्जाचा असतो. संस्थेला पैसे लगेच मिळून जातात आणि हप्ते वडिलांच्या खात्यातून कटत राहतात, तुम्ही क्लास सोडला तरीही. सही करण्याआधी कर्ज कुणाचं, किती महिन्यांचं आणि सोडल्यावर काय, हे वाचल्याशिवाय पेन उचलू नका. "सर आजच्या दिवसच ऑफर आहे" असं म्हणाले तर नक्की घरी या.

## ३. आयटीआयचा अर्ज

यात डोकं लागत नाही, शिस्त लागते. तरी पोरं इथेच अडकतात, कारण ऑनलाइन फॉर्म सबमिट झाला म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं.

क्रम असा: डीव्हीईटीच्या (राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या) प्रवेश पोर्टलवर नोंदणी, अर्ज भरणं, फी, मग जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये मूळ कागद दाखवून अर्ज निश्चित करून घेणं, आणि त्यानंतर परत लॉगिन करून पसंतीक्रम भरणं. पसंतीक्रम भरलाच नाही तर मार्क कितीही असोत, यादीत नाव येणार कुठून. गुणवत्ता दहावीच्या मार्कांवर लागते.

कागद: दहावीचं मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, डोमिसाइल, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर. दाखल्यांसाठी सेतू केंद्रात जून-जुलैमध्ये रांगा लागतात. निकालाची वाट न बघता एप्रिल-मेमध्येच अर्ज टाकून ठेवा. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का हेही तेव्हाच बघा, आधारवर वडिलांचं नाव एक आणि दाखल्यावर दुसरं असलं की ऐन वेळी धावपळ होते.

थांबा: पहिल्या नंबरला तोच ट्रेड टाका जो खरंच घ्यायचाय. पहिली पसंती मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांमधून नाव बाहेर जातं. मित्राने इलेक्ट्रिशियन टाकलं म्हणून आपणही वर टाकायचं, असं करू नका.

## ४. कोर्स सुरू व्हायच्या आधीची तयारी

मशीनचं आता बोलू. नुसतं ग्राफिक्स करणार असाल तर ८ जीबी रॅमवर सुरुवात होते, थ्रीडी किंवा कंपोझिटिंग (वेगवेगळी चित्रं एकाच शॉटमध्ये बेमालूम जोडणं) असेल तर १६ जीबी, एसएसडी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. तेवढ्याच पैशात लॅपटॉपपेक्षा असेम्बल केलेला डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो. रोज लॅबमध्ये मशीन मिळत असेल तर पहिले दोन महिने काहीच घेऊ नका. तोवर तुम्हाला नक्की काय लागतं ते कळलेलं असतं, नाहीतर गेमिंगचा लाल दिवेवाला लॅपटॉप येतो आणि त्याचा स्क्रीन रंगांना बेकार निघतो.

लगेच घ्यायच्या गोष्टी स्वस्त आहेत. कोऱ्या कागदांची जाड वही, एचबी आणि टूबी पेन्सिली, एक छोटा पेन टॅब्लेट, आणि बॅकअपसाठी हार्ड डिस्क. टॅब्लेट स्क्रीनवाला नको, साधा पुरतो. हात टॅब्लेटवर आणि डोळे स्क्रीनवर ही सवय लागायला वेळ लागतो, पहिल्या आठवड्यात रेघ वाकडी येते म्हणून टॅब्लेट कपाटात टाकू नका.

सॉफ्टवेअर क्रॅक वापरू नका. नीतीचं बाजूला ठेवा, क्रॅकबरोबर व्हायरस येतो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्या फाइल लॉक होतात. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना माया फुकट देते, संस्थेचं नाव आणि तुमचं विद्यार्थी असणं तपासून. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती एडिटिंगला भरपूर आहे, कंपोझिटिंगच्या न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती शिकण्यापुरती पुरते.

## ५. पहिले दोन महिने: पेन्सिल आणि एक चेंडू

सगळ्यात जास्त इथेच चुकतं, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिल्या दिवसापासून सगळ्यांना कॅरेक्टर करायचं असतं. ड्रॅगन, नाहीतर चिलखत घातलेले शिवाजी महाराज, हातात तलवार, मागे आग. सहा महिने त्यातच जातात आणि शेवटी महाराजांचा घोडा चालत नाही, घसरतो. त्याऐवजी चेंडू करा. एक गोल, जमिनीवर आपटतो, उडतो, प्रत्येक उडी आधीपेक्षा बुटकी, शेवटी थांबतो. एवढंच.

आधी कागदावर. सेकंदाला २४ फ्रेम धरायच्या आणि एक चित्र दोन फ्रेम टिकवायचं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. उडीचा कमानीसारखा मार्ग आखा आणि त्यावर प्रत्येक चित्राची जागा खुणेने मांडा. चेंडू वर पोचताना मंदावतो म्हणून तिथे खुणा जवळजवळ, जमिनीकडे येताना वेग वाढतो म्हणून खुणा लांब लांब. जमिनीला टेकलेलं चित्र एकच. दाबलेला चपटा चेंडू फक्त त्या एका चित्रात, ताणलेला चेंडू फक्त वेगात असताना, आणि चपटा केला तर बाजूने रुंद पण करायचा, नाहीतर हवा गेल्यासारखा दिसतो. उडी बुटकी होत गेली की तिला लागणारा वेळही कमी होतो, हे तर हमखास विसरतात.

मग तोच चेंडू ब्लेंडर किंवा मायामध्ये. इथे "की" म्हणजे ठरावीक फ्रेमला पक्की केलेली वस्तूची जागा, आणि इथे एक ठरलेली चूक आहे. वर एक की, खाली एक की, परत वर एक की, प्ले. चेंडू पाण्यात असल्यासारखा तरंगतो. कारण सॉफ्टवेअर प्रत्येक कीजवळ आपोआप वेग कमी करतं, जमिनीवरसुद्धा. ग्राफ एडिटर उघडा आणि उंचीची वक्ररेषा बघा, जमिनीच्या कीला ती गोल वळलेली दिसेल. तिथले हँडल (रेषेचं वळण बदलणाऱ्या दांड्या) मोकळे करून टोक व्हीसारखं धारदार करा, वरच्या कीला मात्र गोलाई राहू द्या. परत प्ले केलं की चेंडू आपटतो.

हे जमलं की तोच चेंडू टेनिसचा करा, मग लोखंडी गोळा, मग फुगा. रंग न बदलता फक्त वेळ आणि अंतर बदलून समोरच्याला वजन ओळखता आलं पाहिजे.

तपासा: घरातल्या कुणालाही दाखवा आणि काही न सांगता विचारा, हे काय आहे? "फुगा" म्हणाले तर पुढे जा. "गोल आहे काहीतरी" म्हणाले तर परत करा.

यानंतर क्रमाने लंबक, शेपटीवाला चेंडू, आणि मग चालणं. चालण्यात चार पोझ पाठ हव्यात: टाच टेकते ती, शरीर खाली जातं ती, एक पाय दुसऱ्याला ओलांडतो ती, आणि शरीर वर जातं ती. २४ फ्रेमचं चक्र असेल तर पहिली आणि २५ वी फ्रेम सारखीच असते, म्हणून लूप १ ते २४ चालवायचा. २५ वी पण धरली की दर चक्राला बारीकसा अडखळल्यासारखा झटका येतो आणि पोरं तो रिगमध्ये शोधत बसतात.

रोज अर्धा तास स्केचिंग चालू ठेवा. एसटी स्टँडवर बसलेली माणसं, भाजीवाली, झोपलेला कुत्रा. तीस सेकंदात एक. चेहरा नाही काढायचा, वजन कुठल्या पायावर आहे ते काढायचं.

## ६. ग्राफिक्स: मराठी अक्षर आणि छपाईची फाइल

शिकवायचे धडे बहुतेक इंग्रजी अक्षरांवर असतात आणि बाहेर पडल्यावर पहिलं काम येतं ते लग्नपत्रिका किंवा मंडळाचा फ्लेक्स. म्हणजे देवनागरी. त्यामुळे हे स्वतःच शिकून घ्यावं लागतं.

अ) सेटिंग. वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली, जोडाक्षरं तुटली, तर फॉन्टला शिव्या घालू नका. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइपमध्ये इंडिक ऑप्शन चालू करा आणि मग पॅराग्राफमध्ये साउथ एशियन कंपोजर घ्या.

ब) फॉन्ट. प्रेसमध्ये अजून श्री-लिपीसारखे जुने फॉन्ट चालतात. त्यातला मजकूर युनिकोडमध्ये पेस्ट केला की कचरा दिसतो, आणि उलटही. काम घेतानाच विचारा, मजकूर कशात आहे. शिकायला युनिकोड घ्या, मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे फुकट मिळतात. फॉन्ट निवडल्यावर ल आणि श मराठी वळणाचे येतायत का बघा, काही फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात.

क) जागा. इंग्रजीची सवय म्हणून ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेघ तुटते. देवनागरीला ट्रॅकिंग शून्यच ठेवा. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, ऑटोवर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

ड) आउटलाइन. अक्षराला बाहेरून रंगीत कड दिली की शिरोरेघेवर सांधे दिसायला लागतात. मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांमध्ये, बदलून तुकडे वेल्ड करा (जोडून एक करा) आणि मगच कड द्या. ही चूक गावोगावच्या फ्लेक्सवर दिसते, एकदा कळली की न दिसणं अशक्य.

छपाईला फाइल देताना: रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे), फोटो खऱ्या मापाला ३०० डीपीआय, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड), आणि महत्त्वाचा मजकूर कडेपासून किमान ३ ते ५ मिमी आत. मोठ्या फ्लेक्सला ३०० लागत नाही, ७२ ते १०० पुरतं, नाहीतर फाइल उघडतच नाही. बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत हवीत, म्हणजे के १०० आणि बाकी तिन्ही शून्य. आरजीबीतला (स्क्रीनच्या रंगांतला) काळा बदलून आला की तो चार शाईंचा होतो, आणि छपाईत शाई केसभर जरी सरकली तरी अक्षराला रंगीत सावली पडते.

कोरलड्रॉमध्ये फाइल देण्याआधी कंट्रोल क्यू दाबून मजकूर कर्व्ह करा, पण मूळ बदलता येणारी फाइल वेगळी ठेवा. नेहमी. कारण रात्री अकराला फोन येतो की काकांचं नाव राहिलं.

इशारा: नावं, तारीख, मुहूर्त, फोन नंबर गिऱ्हाइकाकडून वाचून घ्या आणि "ओके" असं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा. फोनवरचं "हो हो चालेल" छपाईनंतर कुणालाच आठवत नाही. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, साधा पाठवला तर दाबून येतो.

## ७. फाइलची शिस्त

छोटा टप्पा, पण बिनशिस्तीच्या पोराला स्टुडिओत टिकता येत नाही.

- फाइलचं नाव: प्रोजेक्ट, शॉट, काम, आवृत्ती. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" असं नको.
- टेक्श्चर आणि फोटो प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये. डेस्कटॉपवरून लिंक केलेले फोटो लॅबच्या मशीनवर सापडत नाहीत, ब्लेंडरमध्ये त्या जागी नुसतं गुलाबी दिसतं.
- रेंडर, म्हणजे सॉफ्टवेअरने तयार केलेलं शेवटचं चित्र, थेट व्हिडिओत काढू नका, फ्रेमची सिक्वेन्स काढा. लाइट गेली तर झालेल्या फ्रेम वाचतात आणि उरलेल्याच परत काढायच्या. आपल्याकडचं लोडशेडिंग धरलं तर यावर वाद नको.
- पूर्ण रेंडरच्या आधी कमी दर्जाचा प्रीव्ह्यू काढून हालचाल बघा.
- बॅकअप दोन ठिकाणी. लॅबचं मशीन ही तुमची जागा नाही, तिथे कधीही फॉरमॅट मारतात.

## ८. रील आणि पोर्टफोलिओ तिसऱ्या महिन्यापासून

रील म्हणजे आपल्या निवडक कामाचा छोटा व्हिडिओ. ती शेवटच्या महिन्यात करायला बसू नका. तिसऱ्या महिन्यात एक फोल्डर करा आणि दर महिन्याला त्यात सगळ्यात बरं काम टाका, नवीन चांगलं आलं की जुनं कमजोर काढा.

रील ६० ते ९० सेकंदांची. सगळ्यात चांगलं काम पहिलं, कारण बघणारा पहिल्या काही सेकंदांतच ठरवतो. सुरुवातीचा फिरणारा लोगो आणि सिनेमाचं संगीत काढून टाका. चार चांगले शॉट असतील तर चारच ठेवा, पाचवा भरतीचा नको. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर आपण नक्की काय केलं ते शॉटखाली लिहा. ट्यूटोरियल बघून जसंच्या तसं केलेलं काम टाकू नका, ब्लेंडरच्या ट्यूटोरियलमधला तो डोनट समोरच्याने शेकडो वेळा पाहिलेला असतो.

एकाच कामाची रील करा. थोडं मॉडेलिंग, थोडं एडिटिंग, एक लोगो अशी भेळ पाठवली की तुम्हाला नक्की कशासाठी बोलवायचं ते कळत नाही. ग्राफिक्सवाल्यांनी रील नाही, आठ-दहा कामांचा पीडीएफ आणि बिहान्सवर (काम दाखवायच्या वेबसाइटवर) पान करावं, आणि प्रत्येक कामाखाली गिऱ्हाइकाला काय हवं होतं ते दोन ओळीत.

तपासा: मोबाइलवर, आवाज बंद करून बघा. कळतंय का? लिंक दुसऱ्याच्या फोनवर पासवर्ड न मागता उघडतेय का?

## ९. परीक्षा, अप्रेंटिसशिप, पहिली टेस्ट

आयटीआयला ८०% हजेरी लागते, कमी पडली की परीक्षेला बसताना अडचण. थिअरी संगणकावर असते आणि प्रॅक्टिकल वेगळं. क्लासमध्ये काही शिकवत नाहीत म्हणून घरी बसून यूट्यूबवरून शिकतो म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं.

परीक्षेच्या आधीच केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर प्रोफाइल भरून ठेवा. तिथे स्टायपेंड मिळतो. स्टुडिओंचा मोठा भाग मुंबई-पुण्यात आहे, तेव्हा राहायचा खर्च पहिल्या पगाराशी ताडून बघा आणि नाइट शिफ्ट आहे का विचारा. रोटोची साधी कामं आता एआयची टूल्स बऱ्यापैकी करतात, म्हणून नुसत्या रोटोवर थांबू नका, पेंट आणि कंपोझिटिंगकडे पहिल्याच वर्षी हात घाला.

अर्ज पाठवताना मेलच्या विषयात पद आणि नाव, आत चार ओळी, रीलची लिंक. वीस एमबीची फाइल जोडू नका.

स्टुडिओ टेस्ट देतात, ते नॉर्मल आहे. एक शॉट, दोन-चार दिवस, तुमचं काम बघायला पुरे. पण "टेस्ट" म्हणून दहा पोस्ट, एखाद्या ब्रँडचा पूर्ण लोगो सेट किंवा अर्ध्या मिनिटाचा तयार व्हिडिओ मागितला आणि त्यात खऱ्या गिऱ्हाइकाचं नाव असेल तर ते फुकट काम आहे. तेव्हा पैसे किती देणार हे विचारा. उत्तर आलं नाही तर वॉटरमार्क टाकलेला, कमी रिझोल्यूशनचा एकच नमुना पाठवा, मूळ फाइल नाही.